पार्सलावरची लाख

आजचा विषय वाचून काहींना हसू आलं असेल. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस पार्सल कसं बांधायचं हे काय सांगणार? पण माझा प्रश्न तत्त्वज्ञानातलाच आहे. आपली वस्तू आपण एका अनोळखी माणसाच्या हाती देतो, पुढे ती आणखी किती अनोळखी हातांतून जाते कोण जाणे, आणि तरीही आपण निर्धास्त घरी येतो. हा विश्वास येतो कुठून?

मुंबईचं जनरल पोस्ट ऑफिस तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. १९१३ साली पूर्ण झालेली, विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारी ती इमारत. तिच्या बाहेर पार्सलं शिवून देणारे बसत. त्यांचं काम आठवून बघा. खोक्यात वस्तू ठेवायची, ती हलू नये म्हणून भोवती कागदाचे बोळे कोंबायचे. वरून मांजरपाट घट्ट ओढून दाभणाने शिवायचं, टाके जवळजवळ. पत्ता कापडावरच शाईने लिहायचा. मग लाख तापवून शिवणीवर तिचे थेंब पाडायचे आणि ती मऊ आहे तोवर शिक्का दाबायचा.

आता मला सांगा, यात संरक्षण कसलं? कापड कात्रीने कापता येतं. लाख तर नखाने उडते. पण नेमकं तेच तिचं बळ आहे. ती ठिसूळ आहे म्हणूनच उपयोगाची. कुलूप चोराला अडवतं. लाख अडवत नाही, ती फक्त चोरी लपू देत नाही. एकदा तुटली की पुन्हा तशीच जुळत नाही. म्हणून ती शिवणीवरच हवी. शिवण न उसवता आत हात जाऊ नये, आणि शिक्का न मोडता शिवण उसवता येऊ नये.

विमा उतरवलेल्या पार्सलासाठी टपालखात्याचा एक नियम होता. शिक्का पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या खुणेचा हवा, चलनी नाण्याचा ठसा चालणार नाही. का? कारण नाणं सगळ्यांच्याच खिशात असतं. चोर माल काढेल, पुन्हा शिवेल आणि तसंच नाणं दाबेल. ज्याची नक्कल कुणालाही करता येते, ती साक्ष कसली?

हा विचार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचं प्रकरण बघा. मालावर शिक्का नसेल तर शुल्काच्या दुप्पट दंड, आणि शिक्का खोटा असेल तर आठपट. हा फरक विचार करण्यासारखा आहे. शिक्का न लावणारा स्वतःपुरता अपराध करतो. खोटा शिक्का लावणारा मात्र प्रत्येक खऱ्या शिक्क्यावर संशय आणतो. आपल्याकडे शिवकालीन पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशी मुद्रा असे. मजकूर इथे संपला, आता मधल्या कुणी पुढे ओळ जोडू नये, हा तिचा अर्थ. काम तेच, पत्र आणि पाहणारा यांच्यामध्ये खोटेपणाला जागा न ठेवण्याचं.

इंग्रजी अमलात रेल्वे येण्याआधी टपालातली जड पार्सलं ‘बंगी’ने जात. बंगी म्हणजे आपली कावड. खांद्यावर बांबू, दोन टोकांना ओझं. पुढे रेल्वे आली, अंतर सोपं झालं. पण एक अडचण राहिलीच. कोकणातल्या एखाद्या शिक्षकाला पुण्याहून पुस्तक हवंय. आधी पैसे पाठवावेत तर पुस्तक येईलच कशावरून? दुकानदाराने आधी पुस्तक पाठवावं तर पैसे येतीलच कशावरून? १८७७ साली टपालखात्याने यावर तोड काढली, व्हॅल्यू पेएबल पोस्ट, आपलं व्ही.पी. पार्सल हाती देताना पोस्टमन पैसे घेणार आणि टपालखातं ते विक्रेत्याला पोचवणार. मराठी पुस्तकांच्या जाहिरातींतलं ‘व्ही.पी.ने मागवा’ हे वाक्य कित्येक पिढ्यांच्या ओळखीचं आहे.

पण व्ही.पी.त एक खोच होती. आधी पैसे, मग पार्सल. माझ्या लहानपणी आमच्या घरी जाहिरात बघून एक हातघड्याळ मागवलं होतं. वडिलांनी पैसे मोजले, शिवण उसवली. आत लाकडाचा ठोकळा आणि रद्दी! आई पोस्टमनवर चिडली. वडिलांनी मात्र लाखेचे शिक्के एकेक करून उलटसुलट पाहिले. सगळे शाबूत होते. ते म्हणाले, “ह्याला बोलू नकोस. ह्याने जसं मिळालं तसं आणून दिलंय.”

त्या वेळी आम्हाला पैसे गेल्याचंच दुःख होतं. पुढे कळलं की वडील दोन विश्वास वेगळे करत होते. शिक्का वाटेची साक्ष देतो, वस्तूची नाही. मध्ये कुणी हात घातला नाही एवढंच तो सांगतो, पाठवणारा खरा होता का हे नाही. ही त्रुटी टपालखात्यालाही ठाऊक होती. म्हणूनच व्ही.पी. करताना पाठवणाऱ्याकडून लिहून घेत की ही वस्तू खरोखर आलेल्या मागणीवरूनच पाठवतो आहे. पण लिहून देणाराच खोटा असेल तर? इथे लाख संपते आणि माणसाचा शब्द सुरू होतो.

आज चिकटपट्टी आहे, बारकोड आहे. पार्सल या क्षणी कुठे आहे हे मोबाइलवर दिसतं. सोय मोठीच आहे, मी नाकारत नाही. पण कुठे आहे हे कळणं आणि त्याचं काय झालं हे कळणं, या दोन गोष्टी आहेत. पार्सल वेळेवर पोचतं, पट्टी एका कडेला जराशी उचललेली असते, आणि ती आधीपासून तशी होती की वाटेत झाली हे सांगायला कुणी नसतं. जुन्या लाखेने निदान तेवढं तरी सांगितलं असतं.

जाताना एक साधी गोष्ट. पार्सल बांधाल तेव्हा दोन्ही पत्ते लिहिलेली एक चिठ्ठी आतही ठेवा. वरचा पत्ता पुसला आणि टपालखात्यात ते उघडावं लागलं, तर तीच ते घरी आणते. आणि आत जे लिहिलं असेल तेच ठेवा. बाकीचं काम लाख करेल, पण एवढं एक तिच्या हातात नाही.