बेनिनचा ई-व्हिसा : कोलाडहून कोटोनूला निघण्यापूर्वी

कुंडलिकेत राफ्टिंग करण्यासाठी कोलाडला येणारे अनेक परदेशी पर्यटक आता भारतीय दूतावासाची पायरी न चढताच मुंबईत उतरतात. भारताने २७ नोव्हेंबर २०१४ रोजी ४३ देशांच्या नागरिकांसाठी इलेक्ट्रॉनिक पर्यटक व्हिसाची सोय सुरू केली आणि पुढे ती अनेक देशांना लागू केली. याच धर्तीची सोय पश्चिम आफ्रिकेतील बेनिन या देशाने २०१८ मध्ये सुरू केली. त्यामुळे रोहा तालुक्यातील अर्जदारालाही घरच्या संगणकावरून हा व्हिसा मिळवता येतो. मात्र या प्रवासात व्हिसापेक्षा दुसराच एक कागद अधिक वेळा आडवा येतो, हे पर्यटकांनी आधीच जाणून घ्यावे.

देशाची ओळख

बेनिनच्या पूर्वेस नायजेरिया, पश्चिमेस टोगो, तर उत्तरेस बुर्किना फासो व नायजर हे देश आहेत. १ ऑगस्ट १९६० रोजी फ्रान्सपासून स्वतंत्र झालेल्या या देशाचे नाव १९७५ पर्यंत दाहोमे असे होते. राजधानी पोर्तो-नोवो असली तरी मुख्य विमानतळ कोटोनू येथे आहे. नोकुए सरोवरात खांबांवर वसलेले गांव्ह्ये गाव आणि युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९८५ मध्ये समाविष्ट झालेले आबोमेचे राजवाडे ही येथील प्रमुख आकर्षणे होत. १८९२ च्या युद्धात फ्रेंचांनी नेलेल्या राजघराण्याच्या २६ वस्तू २०२१ मध्ये बेनिनला परत मिळाल्या.

रायगडकरांना विदा हे किनाऱ्यावरील शहर विशेष जवळचे वाटेल. कुंडलिका जेथे समुद्राला मिळते, तेथील रेवदंडा व कोर्लई हे पोर्तुगीजांचे किल्ले १७४० मध्ये मराठ्यांकडे आले. त्याच पोर्तुगीजांनी १७२१ मध्ये विदा येथे किल्ला बांधला. गुलामांच्या व्यापाराचे ते मोठे केंद्र होते. हा किल्ला दाहोमेने १९६१ च्या ऑगस्टमध्ये ताब्यात घेतला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गोवा मुक्त झाला.

अर्ज कसा करावा

बेनिन सरकारच्या अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट बीजे’ या अक्षरांनी संपतो. शोधयंत्रात वर दिसणारी, सरकारी भासणारी अनेक संकेतस्थळे खासगी दलालांची असतात आणि ती मूळ शुल्काच्या कितीतरी पट रक्कम उकळतात. त्यामुळे पत्ता नीट पाहूनच कार्डाचा क्रमांक द्यावा.

व्हिसाचे तीन प्रकार आहेत. एकदा प्रवेशाच्या ३० दिवसांच्या व्हिसासाठी ५०, अनेकदा प्रवेशाच्या ३० दिवसांच्या व्हिसासाठी ७५ आणि अनेकदा प्रवेशाच्या ९० दिवसांच्या व्हिसासाठी १०० युरो असे शुल्क ठेवण्यात आले. शुल्कात बदल होऊ शकत असल्याने भरण्यापूर्वी ते संकेतस्थळावर तपासावे. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. त्याच्या माहितीच्या पानाची स्वच्छ प्रत अर्जासोबत जोडावी लागते. मंजुरीचे पत्र ई-मेलने येते. ते छापून जवळ ठेवावे, कारण प्रवेशाचा अंतिम निर्णय विमानतळावरील अधिकारीच घेतो.

अर्जातील किरकोळ वाटणाऱ्या चुका महागात पडतात. नाव, वडिलांचे नाव व आडनाव यांचा क्रम पासपोर्टवर असेल तसाच लिहावा. पासपोर्ट कोठे दिला, या रकान्यात कोलाड किंवा रोहा असे राहते गाव न लिहिता पासपोर्टवर छापलेले ठिकाण द्यावे. शेजारच्या टोगोत जाऊन पुन्हा बेनिनला परतायचे असेल, तर अनेकदा प्रवेशाचाच व्हिसा घ्यावा. टोगो व नायजेरियासाठी वेगळा व्हिसा लागतो. नायजेरियाची नवी ई-व्हिसा पद्धत १ मे २०२५ पासून सुरू झाली. तिकीट काढतानाही सावध राहावे. ‘बेनिन सिटी’ हे शहर बेनिनमध्ये नसून नायजेरियात आहे.

खरी अडचण लसीची

बेनिनमध्ये प्रवेश करताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. परतताना भारतातही ते मागितले जाते. हा रोग भारतात नाही, पण तो पसरवणारा डास येथे आहे. म्हणूनच बाधित देशातून सहा दिवसांच्या आत प्रमाणपत्राविना आलेल्या प्रवाशाला, तो भारतीय नागरिक असला तरी, सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.

ही लस गावातील दवाखान्यात मिळत नाही. ती केंद्र सरकारने अधिकृत केलेल्या ठराविक केंद्रांतच दिली जाते. कोलाडकरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागते. तेथे विमानतळ व बंदर या दोन्हींच्या आरोग्य कार्यालयांत ही सोय आहे. लसीकरणाचे वार व वेळा ठरलेल्या असल्याने आधी चौकशी करून नोंदणी करावी. प्रमाणपत्रावर पासपोर्टचा क्रमांक लिहिला जात असल्याने पासपोर्ट सोबत न्यावा.

प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते. म्हणजे २० डिसेंबरला कोटोनूत उतरायचे असेल, तर १० डिसेंबरपर्यंत लस घेतलीच पाहिजे. ११ जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. त्यामुळे जुनी पिवळी पुस्तिका असल्यास ती टाकून देऊ नये. साठीपुढील व्यक्ती, गर्भवती आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले यांनी प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयीही त्याच वेळी विचारावे.

नोकरीसाठी हा व्हिसा नव्हे

कोकणातील अनेक तरुण जहाजावरील नोकरीच्या शोधात असतात. ‘आधी पर्यटक व्हिसावर जा, तेथे काम मिळेल’ असे सांगणाऱ्या दलालापासून त्यांनी दूर राहावे. पर्यटक व्हिसावर काम करण्याची परवानगी नसते. पकडले गेल्यास शिक्षा मात्र तरुणालाच भोगावी लागते. परदेशी नोकरी देणारा दलाल नोंदणीकृत आहे की नाही, हे केंद्र सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येते. जहाजावर भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो.

सुरक्षिततेचा विचारही आवश्यक आहे. उत्तरेकडील पेंजारी अभयारण्यातून मे २०१९ मध्ये दोन फ्रेंच पर्यटकांचे अपहरण झाले व त्यांच्या वाटाड्याची हत्या झाली. त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचाव्यात.

थोडक्यात, क्रम असा ठेवावा : आधी पासपोर्टची मुदत पाहावी, मग लसीची तारीख घ्यावी, त्यानंतर ई-व्हिसाचा अर्ज करावा आणि शेवटी तिकीट काढावे. हा क्रम उलटला, तर तिकिटाचे पैसे वाया जाण्याची भीती असते.