कादंबरींतला उदयभानु आणि बखरींतला



वलवणच्या पूर्वेस लोहगड आणि विसापूर हे जोडकिल्ले आहेत. जून १६६५ मध्यें पुरंदरच्या तहानें शिवाजीमहाराजांनीं जे २३ किल्ले मोगलांस दिले, त्यांत हे दोन्ही होते आणि कोंढाणाही होता. पुढें १६७० मध्यें कोंढाणा परत आला. लोहगडही त्याच वर्षीं परत आला. परंतु कोंढाण्याची रात्र शाळेंतलें पोरही सांगतें, लोहगडाची आम्हां मावळांतल्या माणसांनाही सांगतां येत नाहीं. एका गडाला शाहीर आणि कादंबरीकार लाभले, दुसऱ्याला लाभले नाहींत, इतकेंच.

तो कादंबरीकार म्हणजे ‘करमणूक’कार हरिभाऊ आपटे. ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरींत त्यांनीं कमलकुमारी ही रजपूत स्त्री आणली. उदयभानु तिला बळानें गडावर आणून ठेवतो, आणि गडाची लढाई तिच्या सुटकेचीही लढाई होऊन बसते. माझ्या वर्गांतले एकदोघे विद्यार्थी दरवर्षीं इतिहासाच्या उत्तरपत्रिकेंत कमलकुमारी लिहीत. मी गुण कापीत असें. पण तेवढें उत्तर मात्र आवडीनें वाचीत असें!

ही युक्ति हरिभाऊंची एकट्याची नव्हे. स्कॉटच्या १८१९ सालच्या ‘आयव्हॅन्हो’मध्येंही एक मदांध सरदार रिबेका नांवाच्या तरुणीला किल्ल्यांत कोंडतो. शिवाय १०६६ सालीं नॉर्मनांनीं सॅक्सनांचें राज्य घेतलें, त्याची जखम सव्वाशें वर्षांनंतरही ताजीच असल्याचें स्कॉट दाखवितो. इतिहासकारांना तें मान्य नाहीं. त्याहून जुनी गोष्ट आल्फ्रेड राजाची. ८७८ सालीं डेन लोकांच्या स्वारीमुळें तो दलदलींत लपला असतां त्याच्या हातून चुलीवरच्या भाकरी करपल्या, हें इंग्रज मुलें पाळण्यापासून ऐकतात. त्याच्या पदरच्या चरित्रकाराच्या मूळ ग्रंथांत त्या भाकरी नाहींत; त्या सुमारें शंभर वर्षांनीं एका संतचरित्रांत शिरल्या.

आतां आमचा सभासद पाहा. त्यानें १६९७ च्या सुमारास जिंजीस बखर लिहिली. तींत रात्रीं कडा चढणारे मावळे आहेत, तानाजी पडल्यावर गड घेणारा सूर्याजी आहे, कमलकुमारी नाहीं. घोरपडही नाहीं, ती पोवाड्यांतली. सिंहगड हें नांवही तानाजीच्या मरणानें पडलें असें आपण म्हणतों, पण १६६३ च्या महाराजांच्या पत्रांत तें आधींच आहे.

या भरीबद्दल माझी फारशी तक्रार नाहीं. भाकरींनीं आल्फ्रेडचें कांहीं बिघडलें नाहीं. कमलकुमारीनें मात्र उदयभानूचें बिघडविलें. कादंबरी वाचून उठणाऱ्याला तो निव्वळ स्त्रीलंपट वाटतो, आणि त्याचा वध म्हणजे एका पाप्याची शिक्षा वाटते. सभासद महाराजांच्या पक्षाचा, तरी त्यानें शत्रूच्या किल्लेदाराला नामांकित रजपूत म्हटलें. तो आणि तानाजी या दोघांनाही एकाच वाक्यांत थोर योद्धे ठरविलें, आणि दोघांना एकमेकांच्या हातून मरण दिलें.