लाकडी डेक : स्टेन देण्याची वेळ
उत्तर अमेरिकेत घराच्या मागे बांधतात त्या लाकडी ओट्याला, म्हणजे डेकला, पुष्कळदा पाइनच्या फळ्या वापरतात. बुरशी आणि वाळवी लागू नये म्हणून त्यांत तांबेयुक्त द्रावण दाबाखाली मुरवलेले असते. त्यामुळे वखारीतून आलेली फळी बहुधा ओलसर असते, हाताला जड लागते. ओले लाकूड स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, नीट शोषत नाही आणि वरचा थर पुढे सुटतो. सुकायला हवामानानुसार काही आठवडे ते काही महिने लागतात. दिवस मोजत बसण्यापेक्षा परीक्षा घेणे बरे : फळीवर पाण्याचे थेंब टाकावेत. ते मोत्यांसारखे तसेच राहिले तर थांबावे. काही मिनिटांत जिरून तेवढी जागा गडद झाली तर लाकूड तयार आहे. द्रावण मुरवल्यावर भट्टीत पुन्हा वाळवलेल्या फळ्यांना इतके थांबावे लागत नाही. वर्षभर वाट पाहण्याचा जुना सल्ला मात्र लाकडाचे नुकसान करतो. उन्हातील अतिनील किरणांनी लाकडाचे तंतू बांधून ठेवणारे लिग्निन झिजते, वरचे तंतू सुटे होतात, फळी करडी पडते आणि स्टेनला धरायला घट्ट पृष्ठभाग उरत नाही. कामाला कोरडा, ढगाळ दिवस उत्तम. तापलेल्या फळीवर स्टेन मुरण्याआधीच सुकतो.