देव मानत नाही, मग धर्माच्या रकान्यात काय लिहायचं?

गणपतीचे दिवस. आई आरतीचं ताट घेऊन उभी आहे आणि मुलगा शेजारी झांजा वाजवतोय. तो देव मानत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण मखर त्यानंच बांधलंय आणि उकडीचे मोदकही सगळ्यांत जास्त तोच खाणार आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत हे दृश्य दिसतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

अडचण येते ती फॉर्म भरताना. शाळेचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, जनगणना. इथे "देव मानता का?" असं कुणी विचारत नाही. "धर्म कोणता?" एवढंच विचारतात. हे दोन प्रश्न एकच आहेत असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात भारतात समाजही ते वेगळे मानतो आणि कायदाही. पण त्या वेगळेपणाचा फायदा प्रत्येक नास्तिकाला सारखा मिळत नाही. तुम्ही कोणत्या घरात जन्मलात, यावर बरंच काही ठरतं.

भारतात नास्तिक किती?

२०११ च्या जनगणनेत १२१ कोटी लोकांपैकी स्वतःला थेट नास्तिक म्हणवणारे होते सुमारे ३३ हजार. त्यात सर्वाधिक महाराष्ट्रातले, ९,६५२. याशिवाय २८ लाखांहून जास्त लोकांची नोंद 'धर्म सांगितला नाही' या गटात झाली. पण हे सगळे नास्तिक असं म्हणता येत नाही. न सांगण्याची कारणं अनेक असू शकतात.

३३ हजार हा आकडा इतका लहान आहे की तो खरा वाटत नाही, आणि तो खरा नसावाच. अमेरिकेच्या प्यू रिसर्च सेंटरनं २०१९-२० मध्ये भारतात जवळपास ३० हजार प्रौढांच्या मुलाखती घेतल्या. त्यात ९७ टक्के लोकांनी देवावर विश्वास असल्याचं सांगितलं. उरलेले तीन टक्के सगळेच पक्के नास्तिक नसतील. तरी भारताच्या लोकसंख्येत तीन टक्के म्हणजे कोट्यवधी माणसं होतात. ती ३३ हजारांत मावत नाहीत. म्हणजेच देव न मानणारे बहुतेक जण धर्माच्या रकान्यात हिंदू, बौद्ध, मुस्लिम असंच काहीतरी लिहितात.

याच सर्वेक्षणातला आणखी एक भाग वाचण्यासारखा आहे. देव न मानणारा माणूस हिंदू असू शकत नाही, असं ४९ टक्के हिंदूंना वाटतं. गोमांस खाणारा हिंदू असू शकत नाही, असं मात्र ७२ टक्क्यांना वाटतं. मुस्लिमांमध्येही कल तोच: देव न मानणारा मुस्लिम नाही म्हणणारे ६० टक्के, डुकराचं मांस खाणारा मुस्लिम नाही म्हणणारे ७७ टक्के. मनात काय आहे यापेक्षा ताटात काय आहे, याला लोक जास्त महत्त्व देतात. मन कुणाला दिसत नाही, ताट सगळ्यांना दिसतं, हेही त्यामागचं एक साधं कारण असावं.

'नास्तिक' म्हणजे मुळात कोण?

आज नास्तिक म्हणजे देव न मानणारा. जुन्या दर्शनांच्या परंपरेत मात्र नास्तिक म्हणजे वेदांचं प्रामाण्य न मानणारा. त्या अर्थानं चार्वाक, बौद्ध आणि जैन नास्तिक ठरले. उलट सांख्य दर्शनाच्या जुन्या मांडणीत सृष्टी निर्माण करणारा ईश्वर नाही आणि मीमांसकांनाही तशा ईश्वराची गरज वाटली नाही. तरी दोघे आस्तिकांत गणले गेले, कारण ते वेद मानत होते.

विसाव्या शतकातलं उदाहरण म्हणजे विनायक दामोदर सावरकर. १९२३ मध्ये त्यांनी हिंदू कोण याची व्याख्या केली. सिंधूपासून समुद्रापर्यंतची ही भूमी जो पितृभू आणि पुण्यभू मानतो तो हिंदू. या व्याख्येत देव मानण्याची अट नाही. सावरकर स्वतः विज्ञाननिष्ठ होते. गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नाही, असं ते मांडत. २६ फेब्रुवारी १९६६ ला त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे धार्मिक विधी न करता विद्युतदाहिनीत अंत्यसंस्कार झाले. मात्र या व्याख्येनं देव न मानणारा हिंदू आत घेतला, तशी पुण्यभू भारताबाहेर असलेली मुस्लिम आणि ख्रिस्ती माणसं बाहेरही ठेवली. मग त्यांच्या दहा पिढ्या कोकणात का गेलेल्या असेनात.

कायदा काय म्हणतो?

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं दुसरं कलम पाहा. हा कायदा हिंदूंना लागू आहे, बौद्ध, जैन, शिखांना लागू आहे, आणि त्याशिवाय जो मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही अशा इतर माणसालाही लागू आहे (अनुसूचित जमातींसारखे काही अपवाद सोडून). म्हणजे हिंदू घरात जन्मलेल्या माणसानं "मी कोणताच धर्म मानत नाही" असं जाहीर केलं, तरी त्याच्या लग्नाला आणि वारशाला साधारणपणे हिंदू कायदाच लागू राहतो. त्याचं काही अडत नाही. त्याला बाहेर पडायचं असेल, तर मात्र दार सहज सापडत नाही.

हिंदू कोण, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही आला, आणि तो आला मंदिरप्रवेशातून. अहमदाबादच्या स्वामिनारायण पंथाच्या सत्संगींचं म्हणणं होतं की आमचा पंथ हिंदू नाही, त्यामुळे दलितांना मंदिरं खुली करणारा कायदा आमच्या मंदिराला लागू होत नाही. १४ जानेवारी १९६६ ला सरन्यायाधीश प्रल्हाद गजेंद्रगडकर यांच्या घटनापीठानं हा दावा फेटाळला. एक प्रेषित नाही, एक ग्रंथ नाही, एक देव नाही, असा हा धर्म व्यापक अर्थानं एक जीवनपद्धती आहे, अशी मांडणी त्या निकालात आहे. लोकमान्य टिळकांनी केलेल्या व्याख्येचाही त्यात आधार घेतला आहे. 'हिंदू ही जीवनपद्धती आहे' हे वाक्य आज कुठेही ऐकू येतं. दलितांना दाराबाहेर ठेवण्याचा एक प्रयत्न हाणून पाडताना ते न्यायालयात आलं होतं, हे सहसा सांगितलं जात नाही.

लग्नासाठी धर्म नाकारावा लागायचा तेव्हा

उलटा अनुभवही भारतानं घेतला आहे. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं असेल, तर वर आणि वधू दोघांनाही लिहून द्यावं लागे की आपण हिंदू नाही, मुस्लिम नाही, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, शीख, बौद्ध, जैन यांपैकी कुणीच नाही. जातीबाहेर किंवा धर्माबाहेर लग्न करू पाहणाऱ्या श्रद्धाळू माणसांनाही सरकारी कागदावर निधर्मी व्हावं लागे. १९२३ च्या दुरुस्तीनं हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपसात लग्न करताना ही घोषणा करण्यातून सूट मिळाली. सगळ्यांसाठी ही अट गेली ती १९५४ च्या नव्या विशेष विवाह कायद्यानं. आज नोंदणी विवाह करणारं जोडपं महिनाभराच्या नोटिशीवरून वैतागतं आणि ते रास्तच आहे. पण त्यांना धर्म सोडल्याचं लिहून द्यावं लागत नाही.

मुस्लिम घरात जन्मलेल्या नास्तिकाचं काय?

केरळमधल्या एका महिलेनं हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. ती मुस्लिम कुटुंबात जन्मली, पण श्रद्धा उरलेली नाही. तिचं म्हणणं असं की वारशाच्या बाबतीत आपल्याला शरियत नको, धर्मनिरपेक्ष असा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू व्हावा. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयानं याचिकेवर नोटीस काढली.

यात अडकलंय काय? मुस्लिम वारसा कायद्यात मुलीचा हिस्सा साधारणपणे मुलाच्या निम्मा असतो. वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्रानं एक तृतीयांशाहून जास्त मालमत्ता देता येत नाही. म्हणजे सगळं मुलीच्याच नावावर करायचं ठरवलं, तरी नुसतं मृत्युपत्र पुरत नाही. तुम्ही नमाज पढता की नाही, याच्याशी या हिशेबाचा संबंध नाही. जन्मानं लागू झालेला कायदा, श्रद्धा गेली तरी चिकटून राहतो.

एक वाट आहे, विशेष विवाह कायद्याची. या कायद्याखाली लग्न झालं तर वारशाला भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. केरळमधल्याच एका मुस्लिम जोडप्यानं मार्च २०२३ मध्ये, निकाहाला अनेक वर्षं झाल्यावर, या कायद्याखाली आपल्या लग्नाची पुन्हा नोंदणी केली. मुलींना पूर्ण वारसा मिळावा म्हणून. त्यांनी धर्म सोडला नव्हता. ज्यानं धर्म सोडलाय पण लग्नच केलेलं नाही, त्याला मात्र ही वाट नाही.

दोन हिंदूंनी विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं तर काय होतं? १९७६ च्या दुरुस्तीपासून वर-वधू दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील, तर वारशाला हिंदू कायदाच लागू राहतो. फिरून भोपळे चौकात.

गोव्यात हा गुंता बराच कमी आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्याची चौकट, काही जुने अपवाद वगळता, सगळ्या धर्मांना एकच आहे. निम्म्या मालमत्तेवर मुलांचा हक्क राखीव असतो आणि मुलगा-मुलगी असा फरक नाही. वारसा ठरवताना देव मानता की नाही, हा प्रश्न तिथे मुळातच निरर्थक आहे.

देव हवा, धर्म नको

२०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एक वेगळंच प्रकरण आलं. याचिकाकर्ते येशूला मानणारे होते. पण आपण ख्रिस्ती धर्माचे किंवा कोणत्याच धर्माचे नाही, अशी नोंद राजपत्रात व्हावी, ही त्यांची मागणी होती. सरकारी मुद्रणालयानं नकार दिला.

२३ सप्टेंबर २०१४ ला न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांच्या खंडपीठानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. राज्यघटनेच्या २५ व्या कलमातल्या सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात कोणताही धर्म न मानण्याचं स्वातंत्र्य येतं, आणि सरकारी फॉर्मवर धर्म लिहिण्याची किंवा जाहीर करण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, असं न्यायालयानं स्पष्ट केलं. नास्तिकांना हा निकाल सर्वाधिक उपयोगी आहे. तो मिळवला मात्र श्रद्धाळूंनी.

बौद्ध: देव नाही, धम्म आहे

महाराष्ट्रात या विषयाचा सगळ्यात जिवंत भाग हाच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, इथूनच त्यांची सुरुवात होते. २०११ मध्ये देशात ८४ लाख बौद्ध होते, त्यातले ६५ लाख महाराष्ट्रात. प्यूच्या सर्वेक्षणात जवळपास एक तृतीयांश बौद्धांनी देवावर विश्वास नसल्याचं सांगितलं. इतर कोणत्याही मोठ्या समाजात हे प्रमाण याच्या जवळपासही नाही.

त्यातल्या अनेकांसाठी 'बौद्ध' हा शब्द श्रद्धेइतकाच इतिहासाचा आहे. ज्या धर्मानं माणूस म्हणून नाकारलं, तो आपण सोडला, हे त्यातून सांगायचं असतं. म्हणून देव न मानणारा आंबेडकरी तरुणही धर्माचा रकाना कोरा ठेवत नाही, तिथे अभिमानानं 'बौद्ध' लिहितो.

यात हक्काचा प्रश्नही आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हिंदूखेरीज इतर धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नव्हता. १९५६ मध्ये त्यात शीख आले. बौद्धांना थेट १९९० पर्यंत थांबावं लागलं. मुस्लिम आणि ख्रिस्ती झालेले दलित अजून बाहेर आहेत. 'कोणताच धर्म नाही' म्हणणाऱ्याबद्दल आदेशात शब्द नाही. मग ज्याचं शिक्षण आणि नोकरी त्या प्रमाणपत्रावर आहे, त्यानं हा धोका का पत्करावा? तमिळनाडूतल्या एका वकील महिलेनं २०१९ मध्ये 'जात नाही, धर्म नाही' असं प्रमाणपत्र मिळवलं, तेव्हा सोशल मीडियावर कौतुकाचा पूर आला. ते धाडस होतंच. पण आरक्षणाची गरज असलेल्याला असं प्रमाणपत्र परवडेलच असं नाही, हे त्या पुरात बुडून गेलं.

मग रकान्यात काय लिहायचं?

जनगणनेत लोकसंख्या मोजण्याचा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरलेला आहे. २०११ च्या अर्जात सहा मोठ्या धर्मांना आकड्यांचे संकेत होते आणि इतरांनी नाव पूर्ण लिहायचं होतं. सांगणारा जे सांगेल तेच प्रगणकानं लिहायचं, स्वतःचा अंदाज घालायचा नाही, अशी सूचना होती. 'नास्तिक' सांगितलं तर 'नास्तिक'.

पण प्रगणक घरातल्या प्रत्येकाला वेगळं गाठत नाही. दारात जो भेटेल, तो सगळ्या घराची माहिती देतो. झांजा वाजवणारा तो मुलगा त्या वेळी बहुधा ऑफिसात असेल, आणि धर्माचं उत्तर आई देईल.