प्रस्तावना: दुखायला कधी लागलं?

सातपुड्यातल्या अक्राणी तालुक्यातल्या पाड्यावरून छातीत दुखणारा माणूस बांबूच्या झोळीतून सडकेपर्यंत आणि तिथून गाडीने नंदुरबारला पोहोचतो, तेव्हा दुखणे सुरू होऊन कित्येक तास उलटलेले असू शकतात. त्या तासांचा माग रक्तात उरतो. तो वाचण्याचे शास्त्र शिकू पाहणारे विद्यार्थी, परिचारिका आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांच्यासाठी हे लेखन आहे.

हृदयस्नायूचा रक्तपुरवठा तुटला की पेशी मरू लागतात आणि त्यांच्यातली प्रथिने रक्तात उतरतात. १९५४ मध्ये एएसटी या विकरापासून ती रक्तात मोजण्याची वाट सुरू झाली. पुढे सीके-एमबी हे विकर आले; आज मुख्य भिस्त ट्रोपोनिन या हृदयस्नायूतल्या प्रथिनावर आहे. नेहमीच्या चाचणीत ते साधारण ३ ते ६ तासांत वाढलेले दिसते. सीके-एमबी २-३ दिवसांत ओसरते, ट्रोपोनिन मात्र आठवडाभर किंवा त्याहून अधिक टिकते. म्हणूनच उशिरा आलेल्या रुग्णातही हृदयविकाराच्या झटक्याची खूण सापडते. पेशी मरण्याआधीच रक्तटंचाई ओळखावी, या आशेने आणखी एक चाचणी पुढे आली: टंचाईत अल्ब्युमिनची कोबाल्ट धरून ठेवण्याची शक्ती घटते, ती मोजायची. रोजच्या वापरात मात्र ती रुळली नाही.

दाहाची खूण म्हणजे सीआरपी हे प्रथिन. १९३० मध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात आढळले. रोहिणीत साचणाऱ्या मेदाच्या थरामागे दाहही असतो, हे पुढे उमगले. लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वरचे सीआरपी हृदयविकाराचा वाढता धोका सुचवते. १० च्या वर गेले, तर आधी जंतुसंसर्ग शोधावा लागतो.

हे आकडे सातपुड्यात अधिक जपून वाचावे लागतात. इथल्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. त्याच्या तीव्र वेदनेतही छाती दुखते, सीआरपी चढते. कुपोषणात अल्ब्युमिनच कमी असेल, तर कोबाल्टची चाचणी खोटा इशारा देऊ शकते. मूत्रपिंड बिघडले तरी ट्रोपोनिन वाढते. तेव्हा एकाच आकड्यावर न थांबता काही तासांनी पुन्हा नमुना घ्यावा, चढउतार पाहावा. ईसीजी मात्र आल्याबरोबर काढावा. त्यात झटका स्पष्ट दिसत असेल, तर रक्ताच्या अहवालासाठी उपचार खोळंबू देऊ नयेत.

या अभ्यासाची पहिली पायरी यंत्राआधीची आहे. दुखणे कधी सुरू झाले, हे रुग्णाला किंवा झोळी वाहून आणणाऱ्यांना त्यांच्या भिलीत, पावरीत विचारा. घड्याळातली वेळ सांगता आली नाही, तर सूर्य कुठे होता ते विचारा. मिळेल ते उत्तर तपासणीच्या कागदावर लिहा. त्याशिवाय ट्रोपोनिनचा आकडा अर्धवटच राहतो.