‘शेजारी’ आणि प्रभातचे स्नेही

१ जून १९२९ रोजीं कोल्हापुरांत निघालेल्या प्रभात फिल्म कंपनीचें खरें भांडवल मैत्रीचें होतें. शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर हे चौघेही बाबूराव पेंटरांच्या कंपनींत एकत्र घडलेले. पैशाची बाजू सीतारामपंत कुलकर्ण्यांनीं सांभाळली. १९३३ सालीं हे स्नेही गांव सोडून पुण्यास आले. त्यांतील विष्णुपंत दामले व फत्तेलाल ही जोडी तर इतकी एकजीव, कीं ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्राचें दिग्दर्शन उभयतांच्या नांवावर आहे.

प्रभातचे पुष्कळ बोलपट मराठी व हिंदी असे दोनदां चित्रित होत. हेतु उघडच बाजारपेठेचा. परंतु १९४१ च्या ‘शेजारी’ या चित्रांत त्या व्यापारी सोयीस निराळाच अर्थ आला. जिवबा हिंदु, मिर्झा मुसलमान. गांवाजवळ धरण बांधूं पाहणाऱ्या धनिकाच्या कारस्थानानें हे जुने मित्र दुरावतात, आणि तें धरण फुटतें तेव्हां एकत्रच मृत्यु पावतात. मराठींत जिवबा झाले केशवराव दाते, मिर्झा झाले गजानन जागीरदार. हिंदी ‘पडोसी’मध्यें मिर्झा जागीरदारच, हिंदु मित्राची भूमिका मात्र मजहर खान यांची! १९४० च्या लाहोर ठरावाच्या पाठोपाठ पडद्यावर ही अदलाबदल दिसली, ही गोष्ट लहान नव्हे.

आणि पडद्यामागें? ‘शेजारी’चे दिग्दर्शक शांताराम १९४२ सालीं मतभेदांमुळें प्रभात सोडून मुंबईस गेले, धायबर त्यापूर्वींच बाहेर पडले होते. दामले व फत्तेलाल यांची सोबत मात्र १९४५ सालीं दामले वारले तेव्हांच तुटली.