म्हातारपणची शाळा

दिंडीच्या शंभर वर्षांत चालणाऱ्यांचं नाव होते, बसून शिकणाऱ्यांचं राहून जाते. म्हणून आम्ही, चौथी शिकलेलो, हे दोन शब्द लिहितो.

वारकऱ्यांची शाळा जुनी आहे. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. पण तिथं जाणारी बहुतेक तरणी पोरं. म्हाताऱ्यांनी कुठं बसावं? आमच्या विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९५५ साली ४१ अध्यायांची ग्रामगीता दिली, अन् गावोगाव सामुदायिक प्रार्थनेसंगं तिचं वाचन होऊ लागलं.

तिकडं फ्रान्सात तुलूझ शहरी १९७३ मध्ये वयस्करांचं विद्यापीठ निघालं. इंग्लंडात १९८२ पासून निवृत्त मंडळीच एकमेकांना शिकवतात. परीक्षा नाही, पगार नाही. ऐकून वाटलं, बाप्पा, हे तर आपल्या पारावरचंच झालं!

आमच्या दिंडीत नागपूरचे पेन्शनर मास्तर आले. शेतकऱ्याले पेन्शन नाही, पण सांज मोकळी असते. देवळात ज्ञानेश्वरी उघडली. आम्ही वीस वर्षं कीर्तनात एका ओवीचा अर्थ चुकीचा सांगत होतो. मास्तरांनी हळूच थांबवलं. लाज वाटली, पण दुसऱ्या दिवशी आम्हीच आधी जाऊन बसलो. मास्तर आमच्याकडून मृदंगाचे बोल शिकले.

आता बसणारे कमी झाले. पोथी फडक्यात बांधलेली राहू नये, माउली. सांजेला या.